शेतसाऱ्याच्या दप्तरातील पूर्वज

राजघराणी, वतनदार आणि देवस्थानांचे पुजारी यांच्या वंशावळी पूर्वीपासून लिहून ठेवल्या गेल्या, कारण त्यांचे हक्क वंशाच्या आधारावरच टिकत असत. शेतकरी, कूळ आणि मजूर यांच्या घरी मात्र पूर्वजांची आठवण तोंडी चालत आली आणि ती बहुधा पणजोबांच्या नावापाशी येऊन पुसट झाली. अशा सामान्य घरांतील माणसांची नावे कागदावर उतरवली ती मुख्यतः सरकारने, आणि सरकारलाही त्यांच्या वंशाशी काही कर्तव्य नव्हते; कोणत्या जमिनीवर किती कर बसवायचा आणि तो कोणाकडून वसूल करायचा, एवढेच त्याला ठरवायचे होते. करासाठी केलेल्या या नोंदी आज अनेक देशांत कुटुंबाचा इतिहास शोधण्याचे मोठे साधन ठरल्या आहेत. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन आदिवासी तालुक्यांत हे साधन कसे वापरता येते, त्यातून काय हाती लागते आणि कोणाची नावे त्यातून मुळातच निसटली आहेत, हे समजून घ्यायचे तर या दप्तरांची घडण पाहावी लागते. कारण दप्तर ज्या हेतूने तयार होते, त्या हेतूवरच त्यात कोणाचे नाव यावे हे अवलंबून असते.

आयर्लंडमधील मूल्यांकन

करआकारणीच्या कागदांतून पूर्वजांचा माग काढण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आयर्लंडचे आहे. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली त्या देशातील जमिनींचे आणि घरांचे वार्षिक मूल्य ठरवण्यात आले आणि त्याच्या याद्या १८४७ ते १८६४ या काळात छापून प्रसिद्ध झाल्या. स्थानिक कर बसवण्यासाठी केलेल्या या मूल्यांकनात प्रत्येक जागेचा नकाशावरील क्रमांक, तेथे राहणाऱ्या किंवा जमीन कसणाऱ्या माणसाचे नाव, त्याने ती जागा ज्याच्याकडून घेतली त्या मालकाचे नाव, जागेचे वर्णन, क्षेत्र आणि ठरवलेले मूल्य असे रकाने आहेत, आणि त्यांत सुमारे दहा लाख माणसांची नावे आलेली आहेत. छापील यादीनंतरही काम थांबले नाही. जागेचा ताबा बदलला की मूल्यांकन कार्यालयातील वह्यांत जुने नाव खोडून नवे लिहिले जाई आणि निरनिराळ्या वर्षांचे बदल ओळखू यावेत म्हणून वेगवेगळ्या रंगांची शाई वापरली जाई, त्यामुळे एकाच घराचा ताबा बापाकडून मुलाकडे किंवा विधवेकडे केव्हाच्या सुमारास गेला, याचा अंदाज आजही बांधता येतो.

हे कागद इतके मोलाचे ठरले, त्याचे कारण दुसऱ्या कागदांच्या नाशात आहे. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे घरनिहाय तक्ते डब्लिनच्या सरकारी अभिलेखागारात होते आणि १९२२ च्या यादवी युद्धात ती इमारत जळाली, तेव्हा त्यांतील बहुतेक भस्मसात झाले. पुढच्या चार जनगणनांचे तक्ते सरकारी आदेशानेच नष्ट झालेले होते. त्यामुळे १९०१ पूर्वीच्या सामान्य आयरिश माणसाचा शोध घेताना संशोधकाला जनगणनेऐवजी करवसुलीच्या यादीकडे वळावे लागते. १८४५ मध्ये सुरू झालेल्या भीषण दुष्काळाच्या काळात आणि त्यानंतर देश सोडून गेलेल्या लाखो लोकांचे वंशज आज अमेरिकेतून आणि ऑस्ट्रेलियातून याच याद्यांत आपल्या गावाचे नाव शोधत असतात.

भारतातही थोड्या वेगळ्या कारणाने परिस्थिती अशीच आहे. जनगणना येथे १८७२ पासून होत आली असली तरी तिच्या घरनिहाय नोंदी कायद्याने गोपनीय असतात आणि त्या कोणाला पाहण्यास मिळत नाहीत. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गावोगाव सारख्या टिकलेल्या नाहीत. त्यामानाने जमिनीचे कागद अधिक सातत्याने जपले गेले, कारण त्यांच्यावर सरकारचे उत्पन्न अवलंबून होते आणि वाद उपस्थित झाला की न्यायालयात तेच दाखवावे लागत होते.

शेजारचे दोन तालुके, वेगळी दोन दप्तरे

जव्हार आणि मोखाडा ही नावे आज जोडीने घेतली जातात आणि दोन्हीकडचा डोंगर, पाऊस, नागली-वरईची शेती आणि वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची वस्ती सारखीच आहे. परंतु महसुली इतिहासाच्या दृष्टीने हे दोन तालुके वेगवेगळ्या राज्यांत होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे कोळी संस्थान होते. जयबा मुकणे यांनी स्थापलेल्या या राज्याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाली अशी परंपरा आहे, आणि सुमारे ३१० चौरस मैलांचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले. मोखाडा मात्र ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होता. पूर्वी कोळवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहापूर तालुक्याचा तो एक पेटा, म्हणजे पोटविभाग होता.

या फरकाचा परिणाम आजच्या शोधावर थेट होतो. ब्रिटिश मुलखातील मोजणी, आकारणी आणि हक्कनोंदणीचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत, कारण तेथील महसुलाचा कारभार दरबाराच्या हाती होता. म्हणून मोखाड्यातील गावाचा शोध ठाणे जिल्ह्याच्या एकोणिसाव्या शतकातील मोजणीपर्यंत एकाच पद्धतीच्या कागदांतून मागे नेता येतो, तर जव्हारच्या गावाचा शोध घेताना १९४८ हे वर्ष सांध्यासारखे मध्ये येते. त्यानंतरचे कागद मुंबई राज्याच्या नमुन्यांतील आणि त्याआधीचे संस्थानी वळणाचे असतात. जुन्या कागदांपैकी बरेचसे मोडी लिपीत असल्याने ते वाचण्यास मोडीचा जाणकारही गाठावा लागतो. शिवाय जव्हार तालुक्यातील काही गावे पुढे नव्या विक्रमगड तालुक्यात गेली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला, त्यामुळे एकाच गावाच्या जुन्या-नव्या कागदांच्या माथ्यावर तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे निराळे नाव दिसले तर बिचकण्याचे कारण नसते. शोधाला निघणाऱ्याने आपले गाव कोणत्या वर्षी कोणाच्या अमलात होते, याचा एक लहानसा तक्ता आधी करून ठेवला तर पुढची बरीच वणवण वाचते.

आकार कसा ठरला

जमिनीवर ठरवलेल्या वार्षिक साऱ्याच्या रकमेला महसुली भाषेत आकार म्हणतात. शास्त्रशुद्ध मोजणी होण्यापूर्वी उत्तर कोकणाच्या डोंगराळ भागात एकूण जमिनीवर ठोक रक्कम ठरवण्याची हुंडाबंदी किंवा नांगरामागे रक्कम घेण्याची नांगरबंदी अशा पद्धती होत्या. त्यांत शेताचा तुकडा निश्चित नसल्याने माणसाचा माग काढणे अवघड जाते. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला पक्के रूप आले, तिने हे चित्र बदलले. प्रत्येक शेताला सर्वे नंबर मिळाला, हद्दीवर दगड बसले, तेहतीस फुटांच्या साखळीने मोजणी झाली आणि त्या साखळीच्या चौरसाला गुंठा म्हणून चाळीस गुंठ्यांचा एकर धरण्यात आला. जमिनीची प्रत आण्यांत ठरली. सोळा आणे म्हणजे उत्तम जमीन, आणि उथळपणा, मुरमाडपणा किंवा उतार यांमुळे आणे कमी होत जात. हवापाणी आणि बाजारापासूनचे अंतर पाहून गावांचे गट पाडले जात आणि गटागटाला वेगळा दर लागू होई. ठाणे जिल्ह्यात ही मोजणी १८५० आणि १८६० च्या दशकांत झाली.

या मोजणीतून गावाचा आकारबंद तयार झाला, म्हणजे गावातील सर्व नंबरांचे क्षेत्र आणि आकार एकत्र दाखवणारी नोंदवही. तिच्या जोडीला शेताच्या मापांचे टिपण आणि पुढे वाटण्या झाल्यावर काढलेली फाळणी असे मोजणीचे कागद असतात व ते भूमी अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयात मिळतात. भातखाचर, बागायत आणि वरकस असे जमिनीचे प्रकारही तेथे दिसतात. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, जिच्यावर नागली, वरई घेतली जाते आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागणारा पालापाचोळा व गवतही जिच्यावरून येते. कोणत्या घराकडे खाचर होते आणि कोणाकडे नुसती वरकस, एवढ्या एका रकान्यावरून त्या घराला घरचा भात पुरत असेल की नाही, याचा तर्क करता येतो, आणि येथे वंशावळीच्या कोरड्या नावांना संसाराचे रूप येऊ लागते.

वंशशोधकाला आकाराचा आणखी एक उपयोग आहे. जमिनीचे क्रमांक बदलतात. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली योजना राबवलेल्या गावांत सर्वे नंबरांच्या जागी गट नंबर आले आणि क्षेत्रही एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरमध्ये गेले. आकार मात्र बहुधा जुनाच चालत आला. फक्त रुपये-आणे-पैचे रुपये-पैसे झाले. त्यामुळे जुन्या कागदावरील दोन रुपये चार आणे आजच्या उताऱ्यावर २.२५ असे दिसतात आणि क्रमांक जुळत नसतानाही क्षेत्र आणि आकार यांच्या जोडीवरून तेच शेत ओळखता येते.

उताऱ्यावरून मागे जाताना

शोधाची सुरुवात नेहमी आजच्या सातबाऱ्यापासून करावी लागते. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे ते सांगणारा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, या दोहोंचा मिळून सातबारा होतो. एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखवणारा नमुना म्हणजे आठ-अ. सातबाऱ्यावर भोगवटादारांच्या नावांशेजारी काही आकडे असतात. हे फेरफार क्रमांक होत, आणि वंशशोधाची किल्ली त्यांतच असते. जमिनीच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल, मग तो वारसाने असो, वाटणीने, खरेदीने किंवा न्यायालयाच्या हुकमाने, गाव नमुना सहामध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जातो. संबंधितांना नोटीस दिल्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि मग ती सातबाऱ्यावर उतरते. हक्कनोंदणीची ही पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल संहितेचा भाग झाली.

वारसाच्या फेरफारात खातेदार केव्हा मयत झाला, त्याच्या मागे कोण कोण राहिले आणि त्यांचे मयताशी नाते काय, हे लिहिलेले असते. कमी झालेले नाव सातबाऱ्यावर कंसात टाकलेले असते आणि त्याच्या खाली नवी नावे येतात. आजच्या नावाचा फेरफार काढला की बापाचे नाव मिळते, बापाचे नाव ज्या फेरफाराने लागले तो काढला की आजोबा सापडतो, आणि अशा रीतीने कंसामागून कंस ओलांडत पहिल्या हक्कनोंदणीपर्यंत जाता येते. वाटेत काही संक्षेप भेटतात. नावापुढे ए. कु. मॅ. असे असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदला गेला आहे आणि त्याचे भाऊ त्या एका नावामागे दडलेले आहेत, असे समजावे, अ. पा. क. असेल तर वारस अज्ञान होता आणि पुढे दिलेले नाव त्याच्या पालनकर्त्याचे, बहुधा आईचे किंवा चुलत्याचे, आहे. जुन्या नोंदींत सापडणारे स्त्रीचे नाव पुष्कळदा या पालनकर्त्या आईचे किंवा विधवा वारसाचेच असते.

कोकणातील जुन्या कागदांवर नावापुढे हिश्शाची आणेवारीही मिळते आणि तिच्यातून न लिहिलेले नाते उलगडते. संपूर्ण जमीन सोळा आणे धरली तर पाच आणे चार पै हा तिसरा हिस्सा झाला, म्हणजे मूळ वाटेकरी तिघे असले पाहिजेत. त्यांच्यापैकी एकाच्या जागी पुढे दोन आणे आठ पैचे दोन धनी दिसले तर त्या शाखेत दोन वारस उरले होते, आणि एक आणा चार पैचे चार धनी दिसले तर चार. हीच रीत क्षेत्र आणि आकार यांनाही लावता येते. उदाहरणादाखल असे समजू, की एखाद्या गावात लागून असलेल्या तीन गटांचे क्षेत्र प्रत्येकी सुमारे ५०.६ आर आणि आकार प्रत्येकी ७५ पैसे आहे व तिन्ही गटांच्या खातेदारांची आडनावे वेगवेगळी आहेत. तीन गटांचा आकार मिळून सव्वादोन रुपये आणि क्षेत्र मिळून दीडशे गुंठे, म्हणजे तीन एकर तीस गुंठे होते. जुन्या आकारबंदात नेमक्या तीन एकर तीस गुंठ्यांचा आणि दोन रुपये चार आण्यांचा एकच नंबर सापडला, तर ही तीन घरे एका पूर्वजाच्या तीन मुलांची असण्याचा संभव बळावतो. त्यानंतर मधल्या काळातील वाटणीचा फेरफार आणि फाळणीचा नकाशा पाहून तो पक्का करावा किंवा सोडून द्यावा.

नावांचा गुंता

एका वंशातील तीन घरांची आडनावे वेगळी कशी, हा प्रश्न या भागात नेहमी पडतो. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसते. अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक, एवढेच लिहिलेले असते. आडनाव पुढे शाळेत नाव घालताना किंवा मतदार यादीत लागले आणि तेव्हा एका भावाने कुळाचे नाव सांगितले, दुसऱ्याने गावाचे, तिसऱ्याच्या वेळी मास्तरांनी किंवा कारकुनाने सोयीचे वाटले ते लिहिले, असे घडणे शक्य असते. नावांचा साठाही मर्यादित होता. जन्मवारावरून सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी नावे ठेवण्याची चाल असल्याने एकाच गावात एकाच काळी दोन-तीन बुध्या असू शकतात आणि त्यांतील दोघांच्या बापांचे नावही एकच निघते. आयर्लंडच्या याद्यांतही एका गावातील समान नावांची माणसे वेगळी ओळखता यावीत म्हणून बापाचे नाव, धंदा किंवा टोपणनाव जोडावे लागले होते. अशा ठिकाणी नावावर विसंबण्यापेक्षा शेतावर विसंबणे श्रेयस्कर ठरते. कोणता बुध्या कोणत्या नंबराचा, हे एकदा ठरले की गुंता सुटू लागतो.

गावाचीही तीच गत आहे. घरातील वडीलधारी माणसे पाड्याचे नाव सांगतात, दप्तर मात्र महसुली गावाप्रमाणे लावलेले असते आणि एका महसुली गावात दूरदूर विखुरलेले अनेक पाडे असतात. म्हणून पाडा कोणत्या महसुली गावात मोडतो, हे आधी निश्चित करावे लागते. तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, चालू नोंदी असतात, जुने फेरफार आणि उतारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नकलेच्या रूपाने मिळवता येतात, आणि महाराष्ट्र शासनाने जुने अभिलेख स्कॅन करून संकेतस्थळावर देण्याची जी सोय ज्या जिल्ह्यांसाठी केली त्यांत पालघरही आहे.

तारखांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. वारसाहक्काची माहिती तीन महिन्यांत कळवावी असे महसूल कायदा सांगत असला तरी प्रत्यक्षात माणूस वारल्यानंतर कित्येक वर्षांनी, कर्ज काढण्याची किंवा वाटणीची वेळ आली म्हणजे नोंद केली जाते. कधी आजोबा आणि बाप या दोघांचे मृत्यू एकाच फेरफारात नोंदले जातात. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख असे धरून चालणारा संशोधक एक पिढी सहज गाळून बसतो. म्हणून जमिनीच्या कागदाला दुसऱ्या कागदाची जोड हवी. शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीतील जन्मतारीख, गाव नमुना चौदामध्ये म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात केलेली जन्म-मृत्यूची नोंद, ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या यादीतील घरमालकाचे नाव आणि जवळच्या त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, यांपैकी जे मिळेल ते ताडून पाहावे. धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेलेल्या घरांना भूसंपादनाचा निवाडा हाही उपयुक्त कागद असतो, कारण नुकसानभरपाई ठरवताना त्यात जमिनीबरोबर घर आणि झाडे यांचेही मूल्य मांडलेले असते; मुंबईच्या पाण्यासाठी मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण झाले आहे, तेव्हा या परिसराला असे कागद परके नाहीत.

ज्यांचे नाव लागले नाही

आयर्लंडचे मूल्यांकन आणि मुंबई इलाख्याचा उतारा यांत वरवर साम्य असले तरी एक मूलभूत फरक आहे. ग्रिफिथ यांच्या यादीत मालकाबरोबर प्रत्यक्ष ताबा असलेल्याचे नाव आले, कारण स्थानिक कराचा संबंध ताब्याशी होता. त्यामुळे बीघाभर जमीन खंडाने करणारा गरीब शेतकरीही यादीत सापडतो. मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीत मात्र सरकारचा व्यवहार साऱ्याची जबाबदारी घेणाऱ्या खातेदाराशी होता. जमीन सावकाराच्या नावे गेली आणि तीच जमीन पूर्वीचा आदिवासी धनी कूळ म्हणून कसत राहिला, तर आकाराच्या दप्तरात सावकाराचे नाव चालू लागले आणि कसणारा त्यातून नाहीसा झाला. अशा घराचा शोध खातेदाराच्या रकान्यात करून उपयोग नसतो. त्यासाठी पीक पाहणीतील कसणाऱ्याचे नाव आणि इतर हक्काच्या रकान्यातील कुळाची नोंद पाहावी लागते. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कुळे जमिनीची मालक मानली गेली आणि नंतर खरेदीची प्रमाणपत्रे मिळाली, तेव्हाच्या फेरफारांत ही माणसे पहिल्यांदा धनी म्हणून प्रकट होतात. आदिवासींच्या हस्तांतरित झालेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ मध्ये केलेल्या कायद्याखालील प्रकरणांत तर जमीन कोणाच्या पूर्वजाकडून कोणाकडे गेली, याचीच चौकशी असते, आणि वंशशोधाच्या दृष्टीने ती कागदपत्रे विशेष बोलकी ठरतात.

कुळाच्याही पलीकडे आणखी एक वर्ग होता. जंगलातील दळीच्या तुकड्यावर कुदळीने नागली पिकवणारे, वर्षापुरत्या एकसाली पट्ट्यावर जमीन करणारे, किंवा नुसत्या मजुरीवर आणि वनोपजावर जगणारे कातकरी, ठाकूर व वारली यांच्या नावावर कायम आकाराची जमीनच नव्हती. त्यांची नोंद झालीच तर वन खात्याच्या कागदांत झाली. मुलींची नावेही वारसांत बहुधा येत नसत; आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नसल्याने येथे रूढीच पुष्कळ अंशी निर्णायक राहिली. म्हणून केवळ उताऱ्यांवरून तयार केलेली वंशावळ ही बहुधा पुरुषांची आणि त्यातही खातेदार पुरुषांची वंशावळ असते. तिच्यातील मोकळ्या जागा वृद्धांच्या तोंडी माहितीने, कुळांच्या परंपरेने आणि सोयरिकीच्या आठवणींनी भरून काढाव्या लागतात. आणि दप्तरात नाव नाही म्हणून माणूस त्या गावात नव्हता, असा निष्कर्ष तर कधीच काढता येत नाही.

छंदापेक्षा अधिक काही

परदेशातील आयरिश वंशजाला पूर्वजांचे गाव सापडले तर त्याच्या मनाला समाधान मिळते. जव्हार-मोखाड्यातील माणसाला हाच शोध पुष्कळदा शिक्षण आणि नोकरीसाठी करावा लागतो. अनुसूचित जमातींची पहिली यादी ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली, त्यामुळे जात पडताळणीत त्यापूर्वीच्या कागदांना मोठे वजन असते. स्वातंत्र्यपूर्व कागदांचे पुराव्यातील मोल अधिक, असे सर्वोच्च न्यायालयाने महादेव कोळी जमातीच्या दाव्यासंबंधीच्या १९९४ च्या निकालात सांगितले. अर्जदाराला वंशावळ शपथेवर मांडावी लागते आणि तिच्यातील प्रत्येक दुवा कागदाने सांधावा लागतो. जुन्या नोंदीत महादेव कोळ्याच्या ठिकाणी नुसते कोळी, किंवा जमातीच्या उल्लेखाशिवाय नुसते नाव असले की खरी अडचण उभी राहते, कारण सारा वसूल करणाऱ्या कारकुनाला पोटजमातीच्या काटेकोर नोंदीची गरज वाटली नव्हती. चालीरीती आणि बोली यांवरून जमातीशी असलेला आप्तभाव तपासण्याची कसोटी हीच एकमेव निर्णायक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले, आणि त्यामुळे जुन्या कागदांचे महत्त्व आणखी अधोरेखित झाले. याच सुमारास मराठवाड्यात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा महसुली दप्तरे, कोतवाल बुके आणि मोडी वाचणारे जाणकार यांची गरज साऱ्या महाराष्ट्राच्या ध्यानात आली. जव्हारच्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या पालकांना ती त्याआधीपासून ठाऊक होती.

साऱ्याच्या दप्तराने ज्यांना वगळले, त्यांच्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याने निराळ्या जातीचा कागद निर्माण केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ज्या वनजमिनीवर ताबा आहे तिचा हक्क या कायद्याखाली मागता येतो आणि दाव्याची पडताळणी ग्रामसभेपासून सुरू होते. पुराव्यात सरकारी कागदांबरोबर घरे, बांध, विहिरी, दफनाच्या जागा यांसारख्या खुणा आणि गावातील वृद्धांचे लेखी जबाबही ग्राह्य धरले जातात. दाव्याच्या फायलीत जमीन कोणी तोडली, कोणी कसली, पुढे कोणाकडे आली, हे कुटुंबाने स्वतः सांगितलेले असते, आणि विवाहितांच्या बाबतीत हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे निघते. हे हक्क वारसाने चालतात, परंतु विकता येत नाहीत. म्हणजे ज्या घरांचा मागमूस आकारबंदात नव्हता, त्यांची दोन-तीन पिढ्यांची हकीकत, आणि तीही आईच्या नावासह, आता ग्रामसभेच्या ठरावांत आणि दाव्यांच्या कागदांत लिहिली गेली आहे. या फायली आज हक्क मिळवण्यापुरत्याच पाहिल्या जातात. त्या ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याला नीट लावून जपल्या, त्यांच्या प्रती कुटुंबांनी घरी ठेवल्या आणि मंजूर-नामंजूर असा भेद न करता सगळ्याच सांभाळल्या, तर शंभर वर्षांनंतर वंश शोधणाऱ्याला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातील भूमिहीन घरांची नावेही खातेदारांच्या नावांइतकीच सहज सापडतील.